आवाज बंद असल्याची तक्रार

माणसाने माणसाला आजवर जे काही फुकट दिलं, त्यात मुक्त सॉफ्टवेअर हे सगळ्यात थोर दान आहे. कुणीतरी कुठेतरी आपल्या झोपेचे तास खर्चून एखादा प्रोग्रॅम लिहितो आणि जगाला सांगतो, घ्या, वापरा, उघडून बघा, हवा तसा बदला. हे मी मनापासून लिहितो आहे. फक्त त्या दानाच्या दारात एक माणूस बसलेला असतो, आणि आत येण्यापूर्वी बाहेरचा बोर्ड वाचलात का, असं तो विचारतो. बोर्ड बराच लांबलचक असतो. त्याच्या पहिल्या ओळीत 'आपलं स्वागत आहे' असं लिहिलेलं असतं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट विभागात मी नोकरी केली. प्लँटमधले काटे जे तापमान, जो दाब दाखवतात, तो खरा आहे का हे तपासायचं काम. अशा कामाने स्वभाव थोडा बिघडतो. स्टेजवरून कुणी छातीठोकपणे काही सांगायला लागलं की याचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं असेल, असा विचार माझ्या मनात येतो. त्यामुळे समारंभांना मला फारसं कुणी बोलवत नाही. निवृत्त झाल्यावर मी बोईसरमध्येच राहिलो, सालवडच्या बाजूला, कंपनीवाल्यांनीच भरलेल्या एका इमारतीत. बायको गेल्यावर मुलाने तिकडे येण्याबद्दल विचारलं होतं. तो परदेशात असतो आणि माझ्याशी फार आदराने बोलतो, म्हणजे थोडक्यात.

दिवसभरात माझं बोलणं होतं ते दूधवाल्याशी, वॉचमनशी आणि शेजाऱ्याशी. वॉचमन रोज 'सब ठीक, साहब?' विचारतो आणि उत्तर यायच्या आत गेटकडे बघतो. शेजारी मात्र खरा बोलका, आणि माझा जुना मित्र. तो आमच्याच प्लँटमध्ये कंट्रोल रूमला ऑपरेटर होता, मूळचा माणदेशातला. इंटरकॉमवरचा त्याचा आवाज सगळ्या प्लँटला ओळखीचा. रिअ‍ॅक्टर तापलाय हे सांगतानासुद्धा तो जणू गावच्या जत्रेचं आमंत्रण देत असे. तंबाखूने तो आवाज गेला. म्हणजे घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं, जीव वाचला, आणि आमच्या मजल्यावर एकदम शांतता झाली.

डॉक्टरांनी बोलायचे दुसरे मार्ग सांगितले होते. अन्ननलिकेतून हवा ढकलून बोलायला शिकवतात, ते त्याला जमलं नाही. घशावर धरायचं एक यंत्र असतं, त्याचा आवाज ऐकून त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या त्या कोण मेलं ते बघायला. मोबाइलवर ॲप टाकून पाहिलं, लिहिलेलं मराठी वाचून दाखवणारं. ते बाईच्या गोड आवाजात बोलायचं. त्याने पहिल्यांदा त्यावरून गावी आईला फोन केला तेव्हा आईने विचारलं, "ही सटवी कोण?" आणि फोन ठेवला.

मग मी माझा जुना लॅपटॉप त्याला दिला. त्या लॅपटॉपला विकतची सिस्टिम झेपत नव्हती, म्हणून मी मुक्त सिस्टिम टाकली, आणि शोधता शोधता त्यात पुरुषी आवाजात मराठी वाचणारा एक आवाज सापडला. कुणी केला होता देव जाणे. तो आवाज ऐकायला आकाशवाणीवरच्या जुन्या बातम्या वाचणाऱ्यासारखा होता, फक्त त्यातली कुठलीच बातमी त्याला महत्त्वाची वाटत नसावी. नको तिथे थांबायचा. 'मी जेवलो' आणि 'पूर आला' यांत त्याच्या लेखी फरक नव्हता. मित्र मात्र त्याच्यावर खूश झाला. लॅपटॉप बगलेत मारून तो सगळीकडे फिरू लागला. एकदा तपासणीसाठी आम्ही रिक्षाने पालघरला चाललो होतो. उमरोळीच्या पुढे रिक्षावाला जरा जास्तच सुसाट निघाला. मित्राने मांडीवर लॅपटॉप उघडून टाइप केलं आणि मशीन म्हणालं, "भाऊ. जरा हळू. चालवा."

रिक्षावाल्याने आरशात माझ्याकडे बघितलं. "मॅप मराठी में है क्या, अंकल?"

"हां," मी म्हणालो.

मग मात्र तो पालघर येईपर्यंत अगदी शिस्तीत गेला. माणसाचं त्याने ऐकलं नसतं.

पण लॅपटॉपचं खरं काम रविवारी सकाळचं. मित्राची आई गावी एकटी राहते. तिला वाचता येत नाही, त्यामुळे चिठ्ठी, मेसेज यांचा उपयोग नाही. फोन तेवढा खरा. मशीनच्या आवाजात 'आई, मीच बोलतोय' असं ऐकून तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मला खुळी समजतोस व्हय रं? तुझा आवाज मी वळखत न्हाय?" मग तिने आपल्यापुरता निकाल लावला की लेकाचा गळा गेल्यामुळे त्याने बोलायला एक माणूस ठेवलाय. तेव्हापासून ती त्या माणसाशी रीतसर बोलायची. "भाऊ, त्येला सांगा, गुडघा दुखतुया. आन् तुमच्या घरचं सगळं बरं हाय न्हवं?" मित्र भाऊच्या वतीने 'बरं आहे' असं टाइप करायचा.

त्या फोनमध्ये हसण्यासारखं होतं तसं अडलेलंही होतं. मित्राने लग्न इथल्या मुलीशी केलं, वाणगावजवळच्या गावातली, घरी न विचारता. आईने सुनेशी कधीच बोलणं ठेवलं नाही. तिचं नावही घेत नाही, 'ती' म्हणते. धाकटा भाऊ पुण्याला गेल्यापासून आई घरात एकटीच, आणि अंगणात पडल्यावर तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला आता एकटं ठेवू नका. धाकट्याकडे जागा नाही. राहिलं बोईसर. पण बोईसरला यायचं म्हणजे 'तिच्या' घरात यायचं. मित्र दर रविवारी मशीनमधून आईची समजूत घालत होता, थोडी थोडी. एका रविवारी आई म्हणाली होती, "बघू." तिच्या तोंडून हा शब्द म्हणजे मोठी मजल होती.

आणि त्याच आठवड्यात आवाज गेला.

कसा गेला ते सांगायला हवं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून तो असा गेला नसता. कंट्रोल रूममध्ये बझर वाजला की ऑपरेटरने आधी बटण दाबून 'कळलं' म्हणायचं असतं. त्याने बझर बंद होतो, मग शांतपणे काय झालं ते बघायचं. हे हाताला इतकं शिकवलेलं असतं की वाजत राहिलेला अलार्म ऑपरेटरला सहनच होत नाही. मित्राने सगळी नोकरी हेच केलं होतं. लॅपटॉप रोज काहीतरी विचारायचा, नवं टाकू का, जुनं काढू का, आणि तो चौकट दिसली की 'हो' दाबून मोकळा व्हायचा. अशाच एका चौकटीत, ज्याला कुणी वाली उरला नाही असं सामान काढून टाकू का, असं विचारलं होतं. त्या सामानात मराठी आवाज होता.

दुपारी तो माझ्या दारात लॅपटॉप घेऊन उभा राहिला. स्क्रीनवर लिहिलं होतं: हे बोलत नाही.

मी थोडी खटपट केली, जमलं नाही. मग त्या सॉफ्टवेअरच्या फोरमवर गेलो. तिथे जगभरचे लोक अडचणी लिहितात आणि जाणकार लोक आपल्या वेळात उत्तरं देतात. स्वागताच्या पानावर लिहिलं होतं की आपण सगळे एक कुटुंब आहोत. आयुष्यात ज्या ज्या ठिकाणी ही पाटी पाहिली तिथे नंतर काय झालं ते मला आठवत होतं, पण गरज होती.

इथे माझं कंपनीचं वळण नडलं. प्लँटमध्ये काही बंद पडलं की आम्ही मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, तिघांनाही एकदम कळवायचो. एकालाच कळवलं की तो 'आमच्याकडचं नाही' म्हणून चहाला जातो. तेव्हा मीही माझी तक्रार फोरमच्या सगळ्या विभागांत टाकली. आवाज, भाषा, सिस्टिम, नवशिक्यांसाठी, सूचना व अभिप्राय. सुरुवात 'आदरणीय महोदय' अशी, विषयात 'अत्यंत तातडीचे', मधे मित्राने न वाचता 'हो' दाबल्याची प्रामाणिक कबुली, शेवटी नाव, निवृत्त हुद्दा आणि 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती'. असं पत्र आमच्या कंपनीत गेलं असतं तर निदान दोन माणसं धावत आली असती.

फोरमवरही माणसं धावत आली. पहिल्याने लिहिलं की एकच प्रश्न पाच ठिकाणी टाकणं म्हणजे सगळ्यांच्या तोंडावर थुंकणं आहे, आणि चार धागे, म्हणजे माझ्या पाचपैकी चार तक्रारी, बंद केले. दुसऱ्याने विचारलं, तातडीचं कुणासाठी? इथे कुणी तुमचा नोकर नाही. तिसऱ्याने 'महोदय' या शब्दावर विनोद केला, त्यावर आणखी दोघांनी हसण्याची चित्रं टाकली. चौथा फार सभ्य होता. तुमची निराशा आम्ही समजू शकतो, आमच्या कुटुंबाचा भाग झाल्याबद्दल आभार, असं त्याने लिहिलं. मी त्याचं उत्तर दोनदा वाचलं. त्यात आवाजाबद्दल काही नव्हतं.

सगळ्यात वाईट बोलला तो बेडूक. म्हणजे नावाच्या जागी आकडे आणि चित्रात एक हिरवा बेडूक, बाकी माहिती नाही. त्याचं मराठी करायचं तर ते असं होईल: "जो माणूस न वाचता प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो, त्याचं जे होतं ते योग्यच होतं. हा प्रश्न शंभर वेळा विचारून झालाय, पण शोधायचे कष्ट कोण घेतो. कुठली आवृत्ती तेही सांगितलेलं नाही, काढलेल्या सामानाची नोंद दाखवलेली नाही, आम्ही काय ज्योतिषी आहोत? लोक फुकट मिळालेल्याची किंमत ठेवत नाहीत."

मी ते मित्राला वाचून दाखवलं. त्याने लॅपटॉप पुढे ओढून उत्तर टाइप केलं. ते शुद्ध माणदेशी होतं आणि त्यात बेडकाच्या घरच्या बायकांचा उल्लेख होता. सवयीने त्याने वाचून दाखवायचं बटण दाबलं. काही झालं नाही. शिवी दिली आणि ऐकू आली नाही, याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर जितकं दिसलं तितकं ऑपरेशननंतरही दिसलं नव्हतं.

"हे पाठवायचं नाही," मी म्हणालो.

त्याने लिहिलं: का? तुझा कोण लागतो?

कोण लागत होता? आमच्या प्लँटवर एक फोरमन होता, पाळीच्या मध्यात फोन केला की आधी तुमच्या अकलेचा उद्धार करायचा, मग विचारायचा, "अबे, कौन सा वॉल्व्ह?" आम्ही पहिला भाग कानाआड करायला शिकलो होतो, कारण दुसरा भाग फक्त त्याच्याकडेच असायचा. गोड बोलणारे साहेब फोन उचलायचे आणि 'बघतो' म्हणून ठेवायचे. बेडकाचं उत्तर मी एका कोऱ्या पानावर उतरवलं आणि त्यातलं जे जे माझ्याबद्दल होतं ते खोडत गेलो. 'योग्यच होतं', कष्ट, ज्योतिषी, किंमत, सगळं गेलं. मशीनबद्दल जे होतं ते उरलं: आवृत्ती सांगा, काढलेल्या सामानाची नोंद दाखवा. इतक्या मोठ्या उत्तरात एवढंच. पण बाकीच्या कुणी तेवढंही विचारलं नव्हतं.

मी दोन्ही गोष्टी शोधून काढल्या, टाकल्या, आणि वर फक्त लिहिलं, "हे घ्या." महोदय गाळला. तातडीचं गाळलं. हुद्दा गाळताना थोडा वेळ गेला.

मग वाट बघणं सुरू झालं. हे मला नवीन होतं. चहा पिऊन झाला की बघ, कपडे वाळत टाकले की बघ. फोरमवर कोपऱ्यात एक घंटी असते, उत्तर आलं की तिच्यावर लाल ठिपका येतो. ठिपका दिसला की मला बरं वाटायचं, मग आत कुणीतरी 'धाग्याचं शीर्षक नियमाप्रमाणे बदला' एवढंच म्हटलेलं असलं तरी. बऱ्याच दिवसांनी माझ्या नावाने काहीतरी येत होतं. उरलेल्या वेळात वाऱ्याबरोबर एमआयडीसीचा वास खिडकीतून यायचा आणि आज कुठला प्लँट चालू आहे, हे मी सवयीने ओळखायचो. कुणाला सांगायचं नव्हतं, पण ओळखायचो.

रविवार आला. वहिनींना आई फोनवर सहन करत नाही, मशीन बंद, तेव्हा मित्राने मला बोलावलं. तो टाइप करणार, मी वाचणार. मोबाइल स्पीकरवर ठेवून टेबलाच्या मधोमध ठेवला. वहिनी स्वयंपाकघरात.

"आई, मी बरा आहे," मी वाचलं. "तू कशी आहेस?"

पलीकडे फोन दुसऱ्या कानाला लावल्यासारखी खरखर झाली. मग, "ह्यो कोण बोलतुया?"

मित्राने भराभर टाइप केलं. मी वाचलं, "हा शेजारी आहे. माझ्या कंपनीतला."

"आन् आदीचा भाऊ कुटं गेला?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं आणि टाइप केलं: रजेवर.

"रजेवर गेलाय," मी म्हणालो.

"बरं झालं. त्येचं बोलणं लई सरकारी हुतं. माया न्हवती. तुमी मानसावानी बोलता." मग, "जेवलासा का?"

मी स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीन कोरी होती. मित्राने हाताने खूण केली, तुलाच विचारतेय.

"नाही अजून," मी म्हणालो.

"का? घरात कोन न्हाय?"

"नाही. मंडळी गेली. मुलगा लांब असतो."

"अगं आई गं," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ ती मला विचारत राहिली. कधी गेली, कशाने गेली, सकाळी काय खाता, ताप आला तर पाणी कोन देतं. मी उत्तरं देत होतो. मित्र बोटं कीबोर्डवर ठेवून बसला होता. शेवटी ती म्हणाली, "त्येच्याकडंच जेवत जा की. म्हंजी ती रांधत आसंल तर."

स्वयंपाकघरात एक भांडं नको तितक्या जोरात ठेवलं गेलं. "रोज रांधते म्हणावं," वहिनी आतून म्हणाल्या. "म्हतारीच्या पोराला काय हवा खाऊन ठेवलाय मी?"

"काय म्हनली?" फोन म्हणाला.

"काही नाही, भांडं पडलं," मी म्हणालो. हे स्क्रीनवर नव्हतं.

त्या दिवशी मी घरी आलो तो जरा वेगळाच. मला पुढच्या रविवारची वाट बघावीशी वाटत होती, हे मी लपवणार नाही. जेवलात का असं मला विचारणारं माणूस चारशे किलोमीटरवर होतं आणि त्याच्या समजुतीनुसार मी पगारी होतो. तरी.

पुढच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. फोनवर कपडे दिसत नाहीत हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. मशीनला मित्र लांबलचक वाक्यं द्यायचा. बोटं चालत राहायची, मशीन एकसुरी वाचत राहायचं, मधेच त्याचे डोळे भरायचे आणि मशीनला पत्ता नसायचा. मला मात्र तो दोन-तीन शब्द द्यायचा. औषध घे. बरा आहे. पाऊस नाही. आई म्हणाली, "मग त्ये तिकडं यायचं काय म्हनत हुतास?" त्याने टाइप करायला सुरुवात केली, माझ्याकडे पाहिलं, पुसलं, आणि लिहिलं: बघू नंतर.

"बघू नंतर," मी वाचलं.

"बरं," आई म्हणाली. तिच्या आवाजातून काहीतरी मागे सरकल्याचं मलाही कळलं.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "भावजी, राग नका मानू. तुमच्यासमोर ते मोकळं नाय बोलत. माझ्याबद्दल सांगायचं हाय ना त्यांना आईला. किती वर्षांचं हाय ते. मशीन असलं की कसं, मध्ये कोणी नसतं." मग त्यांना वाटलं की हे बरोबर झालं नाही, म्हणून पुढे म्हणाल्या, "तुमी चांगलं वाचता. म्हतारी खूश हाय तुमच्यावर."

मी म्हणालो, हो, ते खरं आहे. दोन्ही खरं होतं. एका सॉफ्टवेअरच्या जागेवर माझी बदली नेमणूक झाली होती, आणि मी कमी पडत होतो ते एवढ्याचसाठी की मला कान होते.

त्या दुपारी मी फोरमवर बेडकाला पुन्हा लिहिलं. आजवर मी तिथे फक्त बिघाड लिहिला होता. आता कारण लिहिलं. माझ्या मित्राला स्वरयंत्र नाही. त्याच्या आईला वाचता येत नाही. ती एकटी पडली आहे आणि तिला इकडे आणायचं तर हा आवाज लागेल, दुसरा चालणार नाही. मला संगणकातलं फार कळत नाही. तुम्हाला कळतं. एवढंच. पाठवण्याआधी मी ते माझ्याच पद्धतीने तपासलं, म्हणजे यातलं जे जे माझ्याबद्दल आहे ते खोडायचं. संगणकातलं फार कळत नाही, हे वाक्य गेलं. बाकी राहिलं.

सभ्य माणसाचं उत्तर लगेच आलं. त्याला फार वाईट वाटलं होतं. त्याने आमच्या प्रवासासाठी शुभेच्छा दिल्या होत्या आणि वैयक्तिक गोष्टी या विभागात लिहू नयेत, याची नम्र आठवण करून दिली होती.

बेडकाचं काहीच नाही. दिवस गेले. मला वाटलं, संपलं. आणि मग एका सकाळी दूध तापत असताना लाल ठिपका दिसला. बेडकाने लिहिलं होतं, "मला वाटलंच होतं. तो आवाज कुणी सांभाळत नव्हतं म्हणून काढला, मूर्खपणा आहे, मी तेव्हाही सांगितलं होतं पण कोण ऐकतो. जुनी प्रत माझ्याकडे होती, तुमच्या आवृत्तीवर चालत नव्हती, ती चालेल अशी करायला वेळ लागला. खाली आहे. पायऱ्या क्रमाने करा, स्वतःचं डोकं लावू नका. यापुढे प्रत्येक चौकटीला हो म्हणायचं नाही, असं तुमच्या मित्राला सांगा."

दूध उतू गेलं ते मी नंतर पुसलं.

शनिवारी मित्र लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. आम्ही माझ्या टेबलावर बसून पायऱ्या क्रमाने केल्या. मी वाचायचो, तो करायचा, आणि प्रत्येक पायरीनंतर तो बोट वर करून थांबायचा, पाळी बदलताना व्हॉल्व्ह तपासतात तसा. मधे एक चौकट आली. त्याचा हात आपोआप 'हो'कडे गेला. मी त्याचं मनगट धरलं. त्याने चौकट शेवटपर्यंत वाचली, मग 'हो' दाबलं. बरोबर होतं.

मग त्याने आधी साठवून ठेवलेली फाइल उघडली आणि बटण दाबलं. आकाशवाणीचा तो गृहस्थ घसा न खाकरता परत आला आणि बेडकासाठी लिहिलेली माणदेशी शिवी त्याने, राष्ट्रीय दुखवटा जाहीर करावा अशा गांभीर्याने, नको तिथे थांबत, वाचून दाखवली. मित्र हसायला लागला. त्याच्या हसण्याला आवाज नसतो, खांदे हलतात. मला माझ्या हसण्याचा आवाज त्या खोलीत जरा मोठा वाटला.

तो गेल्यावर मी बेडकाला लिहिलं, आवाज आला, तुमचे उपकार विसरणार नाही. उत्तर आलं, "आभारासाठी बटण आहे. उगाच धागा वर आणू नका." मी बटण शोधलं आणि दाबलं. त्यावर अंगठ्याचं चित्र होतं. नंतर बेडकाचं जुनं लिखाण मी थोडं वाचलं. कित्येक वर्षं तो लोकांना मूर्ख म्हणत होता आणि त्यांची कामं करून देत होता. त्याला कुणी काही विचारल्याचं, म्हणजे मशीनशिवाय काही, मला कुठे सापडलं नाही. मीही विचारलं नाही. त्यासाठी बटण नव्हतं.

रविवारी सकाळी मी शर्ट घालून तयार होतो. मित्राचा मेसेज आला: आज यायची गरज नाही. मशीन चालू आहे.

बरोबरच होतं. ज्याची पाळी तो आला की बदलीच्या माणसाने जागा सोडायची असते, त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं. मी शर्ट काढून हँगरला लावला. चहा केला. आमच्या दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या हवेच्या पोकळीत, उघडतात, आणि आईला कमी ऐकू येतं म्हणून मशीन मोठ्याने लावलेलं असतं. खिडकी लावून घ्यावी असं मला वाटलं. मग वाटलं, उकडतंय.

"आई. मला तुला. सांगायचं आहे," मशीन डक्टमध्ये म्हणालं. "हिने माझं. सगळं केलं. नळीतून दूध. घातलं. रात्री. बसून राहिली. तू तिच्या. घरात येत. नाहीस. तू माझ्या. घरात येते आहेस. ते घर. तिनेच. राखलं."

आईचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, फोनचा आवाज तितका मोठा नव्हता. कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला आणि संपला. मी कप हातात धरून उभा होतो.

"ती इथेच. उभी आहे," मशीन म्हणालं. "देऊ. का."

आणि मग वहिनींचा आवाज, इतक्या जवळून की मी दचकलो.

"हां," त्या म्हणाल्या. "हां, मीच." मग काही वेळ नुसतंच ऐकणं. "नाय, नाय. तसं काय नाय. या तुमी. मी न्यायला येते त्यांच्यासंगती." मग पुन्हा, जरा बारीक आवाजात, "आमी वाट बघतो."

पुढचं त्या रडत बोलल्या, म्हणून मला समजलं नाही. त्यांचं थांबल्यावर मशीनने त्याच गंभीर आवाजात, नको तिथे थांबत, जाहीर केलं की बॅटरी. संपत आली आहे. कृपया चार्जर. जोडा.

चार्जर माझ्या टेबलावर राहिला होता.